एका फळाचे दोन चावे

आफ्रिकेच्या दक्षिणेकडे एक नदी आहे. वर्षातले दहा महिने तिच्यात पाणी नसते, नुसती वाळू असते. या वाळूच्या अलीकडच्या काठावर, एका जुन्या वारुळाखाली बीळ करून, एक तरुण सायाळ राहत असे. तिच्या थोरल्या बहिणीला पलीकडच्या काठावर दिले होते. दोघींच्या बिळांमध्ये अंतर फार नव्हते. सकाळी निघालेली सायाळ ऊन चढायच्या आत ताईकडे पोहोचत असे; अट एवढीच, की तिच्याजवळ काही सामान नसावे.

अलीकडच्या काठावर रानकलिंगडे पिकत. जाड सालीची, लहानशी फळे, आत सगळे पाणीच. पलीकडे ती उगवत नसत. पलीकडे होती खारी माती, आणि ती चाटायला मिळाली नाही तर अलीकडच्या प्राण्यांची हाडे ठिसूळ होत. म्हणून कलिंगडे तिकडे जात आणि माती इकडे येई. उन्हाळ्यात दोन्ही काठांचा जीव या देवघेवीवर चाले.

आता मुलांनो, रानकलिंगडात एक खोड असते. शंभरातले एखादे फळ कडू निघते, आणि ते बाहेरून ओळखू येत नाही. फार वर्षांपूर्वी असे एक कडू फळ पलीकडे गेले आणि ते खाऊन एका हरिणीचे पाडस दगावले. तेव्हापासून दोन्ही काठांवर एकेक चौकी बसली. अलीकडच्या चौकीवर एक म्हातारा बबून असे. बबून म्हणजे कुत्र्यासारख्या लांब तोंडाचे मोठे माकड. कोणी फळे आणली की तो प्रत्येक फळाचा एक चावा घेई आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाही. पोट दुखले नाही तर फळ चांगले. याला ते पोटसाक्ष म्हणत. मग ती चावलेली फळे वाळू ओलांडून पलीकडच्या चौकीवर जात. तिथे एक म्हातारा रानडुक्कर बसलेला असे. तोही प्रत्येक फळाचा चावा घेई आणि पुन्हा एक दिवस वाट पाही.

"बबून आजोबांनी चावून पाहिलंय की," असे कोणी म्हटले तर रानडुक्कर म्हणे, "त्याच्या जिभेवर दिवसभर विंचू असतात. त्याला काय चव कळणार?"

हे बबूनच्या कानावर गेले, की तो म्हणे, "आणि तो गुडघे टेकून चिखल खातो. त्याने माझ्या जिभेबद्दल बोलावं?"

या दोघांच्या भांडणाची सगळ्यांना गंमत वाटे. पण न चावलेले रानकलिंगड तीन महिने टिकते आणि चावलेले दोन दिवसांत आंबते, याकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. पाऊसकाळ बरा असला की दहातली चार फळे वाया गेली तरी चालून जाई.

त्या वर्षी ते चालण्यासारखे नव्हते.

उन्हाळ्याच्या मध्यावर धनेश पक्षी उडत आला आणि सायाळीच्या वारुळावर बसला. पक्ष्यांना चौकीवर कोणी थांबवत नसे, कारण ते निरोपाशिवाय काही नेत-आणत नसत.

"तुझ्या ताईला दोन पिल्लं झालीत," धनेश म्हणाला.

"कधी?"

"झाले आठ दिवस. पण तिकडे जमिनीतले कंद संपलेत. दव पडत नाही. ताईला दूध येईना. कलिंगडं पाठव म्हणाली, मिळतील तेवढी."

सायाळीने त्याच दिवशी सहा फळे निवडली. दोन फाटे फुटलेल्या एका फांदीवर ती रचली आणि फांदी दातांत धरून ओढत चौकीवर नेली. तिथे मोठी रांग होती. पाचव्या दिवशी तिची फळे पलीकडच्या चौकीतून सुटली, तेव्हा सहांपैकी पाचांवर माश्या बसल्या होत्या. सहाव्याचे अर्धे आत ओले होते. तेवढे घेऊन ती ताईच्या बिळात गेली. ताईने पिल्लांच्या तोंडात थेंब थेंब पिळले आणि साल स्वतः चघळली.

"पुढच्या वेळी जरा जास्त आण गं," ताई म्हणाली.

"जास्त आणून काय उपयोग, ताई? सहा आणली तर अर्धं पोहोचतं, बारा आणली तर एक पोहोचेल. वाट बदलायला हवी."

दोन्ही काठांची सभा गोरखचिंचेच्या एका जाडजूड झाडाखाली भरे. सायाळ तिथे गेली. तरुणांनी मागे बसायचे आणि विचारले तरच बोलायचे, असा तिथला रिवाज होता. ती पुढे जाऊन उभी राहिली.

"कडू फळ ओळखायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण एका फळाला एक चावा पुरे आहे. बबून आजोबा आणि रानडुक्कर काका एकाच जागी बसू देत. एका दिवशी यांनी चावावं, एका दिवशी त्यांनी. पोटसाक्ष एकदाच व्हावी आणि दोन्ही काठांनी ती मानावी. फळ दुसऱ्या दिवशी पोहोचेल."

सभेत कुजबुज झाली. बबूनने पाठ खाजवली.

"पोरी, तुझं वय काय?"

"माझ्या वयाचा काय संबंध?"

"तू जन्मायच्या आधीपासून मी चावतोय. माझ्या आधी माझे वडील चावत होते. आजवर एक तरी कडू फळ माझ्या जिभेखालून निसटलंय का?"

"नाही निसटलं. मग काकांनी पुन्हा कशाला चावायचं?"

रानडुकराने मान वर केली. "हे बघ, मी याचं पोट पाहिलेलं नाही. उद्या याला दुखलं आणि याने सांगितलंच नाही तर? माझ्या काठाची जबाबदारी माझ्यावर आहे."

"तुमच्या काठावरची पिल्लं तहानेनं सुकताहेत, काका. ती जबाबदारी कोणाची?"

"मोठ्यांशी कसं बोलावं ते आधी शिक," बबून म्हणाला, आणि या एका गोष्टीवर रानडुकराचे आणि त्याचे पटकन एकमत झाले.

तेवढ्यात सभेत आलेली एक हत्तीण बोलली. दूरच्या डोंगरातून हत्तींचा एक कळप पाण्याच्या शोधात तिकडे आला होता, आणि ती त्या कळपाची प्रमुख होती. "तुमची चौकी फार जुनी दिसते," ती म्हणाली. "वाट अरुंद, सावली नाही, थांबायला जागा नाही. आम्ही तुम्हाला नवी बांधून देतो. वाट पाचपट रुंद करू. दोघांना बसायला एकच मोठी सावली घालू."

"एकच सावली?" सायाळीने विचारले.

"एकच."

सगळ्या सभेने माना डोलावल्या. म्हाताऱ्यांना सावली आवडली. तरुणांना रुंद वाट आवडली. आपले म्हणणे मान्य झाले असे सायाळीला वाटले, आणि ती हत्तिणीच्या मागे मागे गेली.

"मावशी, चावा एकच ठेवायचा हेही त्यांना सांगा ना. तुमचं ऐकतील."

"ते तुमचं तुम्ही बघा, बाळा. आम्ही जमीन सपाट करतो. नियमांत सोंड घालत नाही."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले आणि काम सुरू झाले म्हणून वाट बंद झाली. वीस दिवस एकही फळ पलीकडे गेले नाही आणि मातीचे ढेकूळही इकडे आले नाही. हत्तींनी झाडे मोडली, दगड हलवले, वाळू तुडवून घट्ट केली. काठाला लागून दूरवर काटेरी कुंपण घातले. पूर्वी खालच्या वळणावरून कोणी एखादे फळ गुपचूप ढकलत नेई. कुंपणामुळे तेही थांबले. काम पाहायला रोज गर्दी जमे. बबून आणि रानडुक्कर दिवसभर तिथे फिरून हत्तींना सूचना देत.

सतराव्या दिवशी धनेश पुन्हा आला. या वेळी तो वारुळावर बसला नाही, खाली जमिनीवर उतरला.

"धाकटं गेलं," तो म्हणाला.

सायाळ त्याच्याजवळ येऊन बसली.

"थोरलं आहे अजून. डोळे उघडतं. ताईने विचारलंय, चौकी कधी सुरू होणार?"

"तीन दिवसांत. सांग तिला, आता एकच सावली आहे. एका दिवसात येते म्हणावं."

एकविसाव्या दिवशी नवी चौकी उघडली. बाभळीच्या फांद्यांचे लांबरुंद छप्पर, खाली गार जमीन, दोन्ही बाजूंना थांबायची मैदाने. छपराखाली बबून आणि रानडुक्कर बसले होते. एकमेकांकडे पाठ करून. मधोमध पांढऱ्या दगडांची एक रेघ आखली होती. रेघेच्या अलीकडे बबूनची सावली, पलीकडे रानडुकराची.

रुंद वाट पाहून लांबलांबचे प्राणी फळे घेऊन आले होते. पूर्वी दिवसाला तीस फळे येत, त्या दिवशी दोनशे आली. बबूनचे पोट मात्र तेवढेच होते. शिवाय सभेतल्या वडीलधाऱ्यांची फळे आधी घ्यायची होती. सायाळ आपली सहा फळे घेऊन मैदानात थांबली. तिचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला.

बबूनने एकेक फळ उचलले, एकेक चावा घेतला, आणि फळे उन्हात बाजूला ठेवली.

"आजोबा, निदान सावलीत ठेवा."

"सावली चौकीची आहे. फळांची नाही."

चौथ्या दिवशी त्याने पोटावर हात फिरवला आणि म्हणाला, "चांगली आहेत. ने."

सायाळीने फांदी ओढली. चार पावले चालून तिने दगडांची रेघ ओलांडली आणि फळे रानडुकरासमोर ठेवली.

"कुठून आणलीस?" रानडुकराने विचारले.

"तिथून. तुमच्या पाठीमागून. आत्ता बबून आजोबा चांगली आहेत म्हणाले ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं. पण ऐकणं वेगळं आणि चावणं वेगळं. त्या मैदानात थांब, माझ्याकडे कालची फळं आहेत."

"काका, माझ्या ताईचं एक पिल्लू गेलं. एक उरलंय. मी आत्ता तुमच्यासमोर प्रत्येक फळाचा घास खाते. कडू असलं तर मीच मरेन, तुम्हाला कळेल."

"तुझ्या पोटाला अधिकार नाही," रानडुक्कर म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कोणाला पत्ता सांगावा तसे त्याने ते सांगितले.

सहाव्या दिवशी दुपारी त्याने सायाळीची फळे घेतली. चावा घेतला तिथे आता लाल-काळा डाग पडला होता आणि फेस येत होता. रानडुकराने नाक मुरडले, पण नियम म्हणजे नियम, म्हणून सहाही फळांचा एकेक घास गिळला. ऊन उतरायच्या आत तो जमिनीवर लोळू लागला. त्याच्या पोटात कळा येत होत्या.

"कडू," तो ओरडला. "विष आहे. बंद करा, सगळं बंद करा."

"कडू नाही ते," सायाळ म्हणाली. "आंबलंय. तीन दिवस तुमच्या दोघांच्या मधे उन्हात पडून आंबलंय. यात विष घातलंय ते तुमच्या चौकीनं."

"पोट खोटं बोलत नाही," रानडुक्कर कण्हत म्हणाला. मग त्याने बबूनकडे पाहिले, आयुष्यात पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. "पाहिलंस? तुझ्या जिभेखालून निसटलं. मी नसतो तर आज हे पलीकडे गेलं असतं."

बबून वरमला. पण लगेच सावरला. "म्हणूनच," तो सर्वांकडे पाहत म्हणाला, "दोन चावे लागतात."

नियम असा होता की एक फळ कडू निघाले तर मैदानातली सगळी फळे फेकायची. हत्ती तयारच होते. रुंद, सपाट वाटेवर त्यांनी फळे पसरली आणि ती पायांखाली तुडवली. वाळू थोडा वेळ ओली दिसली, मग पुन्हा कोरडी झाली.

सायाळीने दातांतली फांदी टाकली आणि मोकळ्या तोंडाने रेघ ओलांडली. कोणी तिला अडवले नाही. उलट रानडुकराने पाय आखडून तिला वाट दिली, कारण ती काही घेऊन जात नव्हती.

ताई बिळाच्या तोंडाशी बसली होती. तिने आधी बहिणीकडे पाहिले, मग तिच्या मागे पाहिले.

"मागून येताहेत का?"

"नाही, ताई."

"एखादं?"

"नाही."

ताईने मान हलवली. पिल्लू तिच्या पोटाशी होते. त्याचे काटे अजून मऊ होते, केसांसारखे. सायाळ त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या कोरड्या नाकाला तिने जीभ लावली, पण तिच्या जिभेवरही ओल नव्हती. सूर्य टेकला तेव्हा पिल्लाने दोनदा तोंड उघडले. तिसऱ्यांदा उघडले नाही.

बराच वेळ गेल्यावर ताई उठून बिळात गेली आणि खाऱ्या मातीचे एक ढेकूळ नाकाने ढकलत बाहेर घेऊन आली. "तुझ्यासाठी ठेवलं होतं," ती म्हणाली. "तिकडे वीस दिवस मीठ नसेल तुम्हाला. तू फळं आणलीस की द्यायचं ठरवलं होतं मी."

"राहू दे, ताई. चौकीवर यालाही चाटून बघतील. दोघेही."

पावसाळा आला आणि गेला. पुन्हा सभा भरली, या वेळी गोरखचिंचेखाली नाही, नव्या चौकीच्या सावलीत. दोन्ही काठांवरचे प्राणी आले होते, पण पलीकडचे पूर्वीच्या निम्मेही नव्हते. काही पाण्याच्या शोधात निघून गेले होते, काही जाऊ शकले नव्हते. अलीकडचे काही लंगडत आले. हत्तिणीला पुढे बसवले होते. सायाळ आणि तिची ताई कडेला उभ्या होत्या.

बबून बोलायला उठला. आता त्याचे आणि रानडुकराचे चांगले जमत असे. "नवी चौकी झाल्यापासून," तो म्हणाला, "पलीकडे एकही कडू फळ गेलेलं नाही. आमच्या वडिलांच्या काळातही असं वर्ष आलं नव्हतं. याचं श्रेय हत्तीमावशींना, आणि थोडंफार आम्हा दोघांना."

"गोड किती गेली?" सायाळीने विचारले.

"मधे बोलू नकोस," रानडुक्कर म्हणाला. "ते बघायचं काम चौकीचं नाही."

"मग कोणाचं?"

बबूनने तिच्याकडे न पाहता आवाज चढवला. "आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, या वर्षी दोन्ही काठांवर एकही पिल्लू कडू फळ खाऊन मेलं नाही. एकही नाही."

सभेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा ताई पुढे आली. ती सभेत कधी बोलली नव्हती, म्हणून तिला कोणी गप्प बसवले नाही.

"खरं आहे, आजोबा," ती म्हणाली. "माझी दोन्ही कोरड्या तोंडानं गेली."

बबूनने घसा खाकरला, रानडुकराने जमीन उकरली. मग हत्तिणीने नदीच्या वरच्या अंगाला अशीच आणखी एक चौकी बांधायचा विषय काढला, आणि म्हातारे सुटल्यासारखे त्यावर बोलू लागले. सावली केवढी असावी, यावर त्यांची चर्चा संध्याकाळपर्यंत चालली.

तात्पर्य एवढेच : तपासणी कोणासाठी आहे हे जे विसरले, त्यांना नवी चौकी बांधून देऊन वाट मोकळी होत नाही, आधी त्यांच्या दोन चाव्यांचा एक करावा लागतो, आणि तो पिल्ले जिवंत आहेत तोवर करावा लागतो.